व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: दुकानदारांचं अ‍ॅप, शिक्षणसेविकेच्या दुसऱ्या सिमवर

आधीच सांगते, माझं दुकान नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेविका आहे. मूळची अंबाजोगाईकडची, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलने एवढ्या लांब आणून सोडलं. तरी दुकानदारांसाठी बनवलेलं एक अ‍ॅप मी रोज वापरते, आणि नव्याने लागलेल्या प्रत्येक मास्तराने आणि बाईने पहिल्या आठवड्यातच ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

डी.एड.ला पाठ टाचण कसं काढायचं इथपासून फळ्याचे चार भाग कसे करायचे इथपर्यंत सगळं घोटून घेतात. पण आपला नंबर गावात कुणाला द्यायचा, कॉलेजच्या गॅदरिंगचे फेसबुकवरचे फोटो ठेवायचे का काढायचे, स्टेटसला काय चालतं आणि काय अंगाशी येतं, यावर एक तासिका नसते. आणि रुजू झाल्यावर हे सगळं एकाच दिवसात समोर येतं. केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा ग्रुप, अशा काही केंद्रांच्या बीटचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप, शाळा व्यवस्थापन समितीचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, आणि ‘फक्त लिंक भरा’ नावाचा एक ग्रुप जिथे लिंक सोडून बाकी सगळं येतं. प्रत्येक ठिकाणी तुमचा नंबर, तुमचा फोटो आणि तुमचं स्टेटस उघडं. काल परवापर्यंत मैत्रिणीच्या हळदीतला फोटो डीपीला होता, तो आज केंद्रप्रमुख साहेबांच्या मोबाइलवर.

म्हणून दुसरं सिम. इथूनच खरी सुरुवात आहे, अ‍ॅप नंतर. फोन ड्युअल सिम असतोच हल्ली. नव्या सिमला डेटा पॅकची गरज नाही, पडताळणीचा ओटीपी येण्यापुरतं ते चालू असलं की बास. नेट पहिल्या सिमचं वापरलं तरी व्हॉट्सअ‍ॅप चालतं. फक्त ते सिम रिचार्जशिवाय मरू द्यायचं नाही, कारण मेलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याच कुणाला तरी देते. शिक्षणसेवकाला प्राथमिकला महिना १६,००० रुपये मानधन आहे. जानेवारी २०२३ च्या आधी तर ते ६,००० होतं, त्यामुळे आमचे आधीचे लोक आम्हाला श्रीमंत समजतात. त्या १६,००० मध्ये खोलीभाडं, गावी जाण्याचं तिकीट आणि घरी पाठवायचे पैसे बसवल्यावर पैसे मोजून घ्यायचं कुठलंही अ‍ॅप माझ्या यादीत बसत नाही. हे फुकट आहे, हा मोठाच गुण.

कोणता नंबर कुठे, हे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. पवित्र, आधार, बँक, पुढे मागे पगाराचं शालार्थ: जुना, स्वतःचा. शाळेच्या भिंतीवरचा फलक, पालक, समिती, पोषण आहार: नवा. केंद्राचे आणि तालुक्याचे ग्रुपही नव्यावर घेतले, थोडी कुरकुर झाली, पण झालं. एक काळजी मात्र घ्या: बिझनेस अ‍ॅपमध्ये चुकूनही जुना नंबर टाकू नका. टाकलात तर तुमचं आहे तेच खातं तिकडे उचलून नेलं जातं, आणि मावशीच्या ‘शुभ सकाळ’वर तुमच्या शाळेची वेळ छापून येते.

कुणी म्हणेल, साध्या व्हॉट्सअ‍ॅपमध्येही अँड्रॉइडवर एकाच फोनमध्ये दोन खाती चालतात, २०२३ च्या ऑक्टोबरपासून ती सोय आली आहे. चालतात, खरं आहे. पण नुसते दोन नंबर झाल्याने काम होत नाही. दुसऱ्या नंबराला स्वतःची वेळ, स्वतःचा पत्ता आणि स्वतःचं तोंड लागतं, आणि ते बिझनेसमध्ये मिळतं.

प्रोफाइल भरताना अ‍ॅप पत्ता विचारतं, नकाशावर टाचणी लावायला सांगतं. तिथे शाळेचा पत्ता. आपण राहतो त्या खोलीचा नाही, हे बायकांना वेगळं सांगायला नको, पण सांगते. वेळ साडेनऊ ते पाच, शनिवारी सकाळची. प्रकार निवडायला लावतं, त्यात ‘शिक्षण’ आहे. फोटोला मी स्वतःचा साधा फोटो ठेवलाय, साडीतला, पासपोर्टसाठी काढलेल्यातलाच. नाव ‘बाई’ वगैरे न लावता पूर्ण लिहिलं.

आता तो कापलेला गुण. खात्याच्या माहितीत ‘बिझनेस अकाउंट’ असं ठळक येतं आणि ते काढता येत नाही. दुकानदाराला ते मिरवायला आवडत असेल, शिक्षकाला ते गळ्यात पडतं. पालकांच्या ग्रुपमध्ये नंबर गेल्यावर एका बाबांनी विचारलंच, “बाई, शिकवणी पण घेता काय? फी किती?” त्यांनी सरळ मनाने विचारलं. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. गावात कुणाच्या मनात किडा वळवळला आणि त्याने स्क्रीनशॉट काढून वर पाठवला, तर उत्तर देत बसायची पाळी माझ्यावर. म्हणून वर्णनाच्या जागी मी पहिलीच ओळ टाकली आहे: ‘हा शाळेच्या कामाचा संपर्क क्रमांक आहे. खासगी शिकवणी घेतली जात नाही.’ त्यानंतर कुणी विचारलं नाही. तरीपण अ‍ॅप गप्प बसत नाही. ‘तुमचा कॅटलॉग तयार करा’, ‘जाहिरात करून ग्राहक वाढवा’ अशा सूचना मधून मधून येतात. पटसंख्या वाढवायची काही सोय असती तर जाहिरातही केली असती.

लेबलं मात्र मला फार आवडली. अ‍ॅप उघडल्यावर रंगीत लेबलं आयती येतात: न्यू कस्टमर, न्यू ऑर्डर, पेंडिंग पेमेंट, पेड, ऑर्डर कम्प्लीट. ती सगळी बदलता येतात. माझ्याकडे ‘न्यू कस्टमर’ची ‘पहिली प्रवेश’ झाली, ‘पेंडिंग पेमेंट’ची ‘आधार दुरुस्ती बाकी’ झाली, ‘पेड’ची ‘अपार संमती आली’ आणि ‘ऑर्डर कम्प्लीट’ची ‘अपार झाला’. ज्याने कुणी अपार आयडीचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचं काम केलंय त्याला कळेल यात काय सुख आहे ते. मुलाचं नाव आधारवर एक, दाखल्यावर एक, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. बाबा मुंबईला, आई शेतात, संमतीपत्र कुणाच्या सहीने यायचं तेच ठरत नाही. अशा वेळी कोणत्या पालकाकडे काय अडलंय हे एका रंगावर बोट ठेवून दिसतं. अशी वीस लेबलं करता येतात. आमचा पट बघता पुरून उरतात.

आता अवे मेसेजबद्दल जरा सविस्तर, कारण मी या अ‍ॅपवर आले ती त्याच्यासाठीच. ठरवलेल्या वेळेनंतर कुणी मेसेज केला की अ‍ॅप आपलं आपण उत्तर पाठवतं. आमच्या गावात निम्मे बाबा चाकरमानी. मुंबईला ड्युटी संपवून, लोकल पकडून, जेवून खाऊन त्यांना मुलाच्या अभ्यासाची आठवण होते तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्यांचं काही चुकत नाही. तीच त्यांची मोकळी वेळ. आणि माझी झोपायची. शिवाय नंबर फलकावर असल्यावर रात्री ‘हाय मॅडम’, ‘जेवलात का’ करणारेही निघतात. त्यांची जात वेगळी, पण उत्तर दोघांनाही एकच जातं:

‘नमस्कार. हा शाळेच्या कामाचा नंबर आहे. शाळा सुटल्यानंतर आलेले मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी बघितले जातात. मूल आजारी असेल किंवा घरी पोचलं नसेल तर मेसेज न करता सरळ फोन करा.’

अ‍ॅपने आयतं दिलेलं वाक्य ‘आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद’ छापाचं आहे, ते ठेवू नका. पालकांना ते बँकेसारखं लागतं. शेवटचं वाक्य मात्र काही झालं तरी हवंच. पावसाळ्यात वहाळ भरला की मुलं पलीकडे अडकतात, तेव्हा वेळापत्रक दाखवून चालत नाही. या एका मेसेजने ‘हाय मॅडम’वाले जवळजवळ संपले. यंत्राने दिलेल्या उत्तराशी गप्पा कोण मारणार. जे उरले त्यांना ब्लॉक आणि रिपोर्ट. अनोळखी नंबरचे कॉल न वाजता येतील अशीही एक सोय प्रायव्हसीच्या पानात आहे, ती मी जुन्या नंबरवर चालू केली आहे. नव्यावर नाही, कारण पालक नवा नंबर घेऊन फोन करतात.

यात एक मेख आहे आणि कोकणात ती चांगलीच टोचते. अवे मेसेज जायला तुमच्या स्वतःच्या फोनला नेट चालू लागतं. माझ्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवला तर दोन कांड्या, आत आणला की शून्य. पुरी रेंज सड्यावर. म्हणजे ज्या रात्री नेट नसतं त्या रात्री उत्तरही नसतं, आणि बाबांना वाटतं बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. आणि हे उत्तर समोरासमोरच्या चॅटलाच जातं, ग्रुपमध्ये काही ते पडत नाही.

ग्रीटिंग मेसेज नावाचा त्याचा धाकटा भाऊ आहे, तो मी बंद करून टाकला. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला तो स्वागत करतो, इथपर्यंत ठीक. पण १४ दिवस बोलणं झालं नसेल तर तो पुन्हा स्वागत करतो. दिवाळीची सुट्टी संपली, एका आजीने शेजारच्या पोराकडून मेसेज टाकून घेतला, ‘नात उद्यापासून येईल’, आणि तिला उत्तर गेलं, ‘नमस्कार, आमच्या शाळेत आपलं स्वागत आहे.’ आजी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेली.

क्विक रिप्लाय म्हणजे ठरलेली उत्तरं साठवून ठेवायची आणि स्लॅश टाकून एका शब्दात बाहेर काढायची. दाखल्याला काय कागद लागतात, गणवेश कधी, उद्या सुट्टी आहे का. पन्नास साठवता येतात, मला दहा बारा पुरतात. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उत्तर: ‘होय, उद्या शाळा आहे.’ जुलैमध्ये पाऊस जरा जोरात लागला की रोज.

पालकांचा ग्रुप करायच्या आधी एक गोष्ट नीट बघा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आमच्या माता पालक गटातल्या बहुतेक बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा फोन हातात घेतलेला; त्यांचा नंबर सगळ्या वाडीतल्या पुरुषांना फुकट वाटायचा अधिकार मला कुणी दिला? कम्युनिटी करून तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना घातलं तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, अ‍ॅडमिनला तेवढे दिसतात. लिहायचंही अ‍ॅडमिननेच, त्यामुळे गुड मॉर्निंगचे गुलाब बंद. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, हा दुसरा मार्ग, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, आणि आमच्या निम्म्या घरांत नंबर भिंतीवर कोळशाने लिहिलेला असतो, फोनमध्ये नाही.

वहीचे फोटो मी ग्रुपवर कधीच टाकत नाही. दुसरीतला एक मुलगा ‘ड’ आणि ‘इ’ यांच्यात अडकतो. ‘डबा’च्या जागी ‘इबा’ लिहितो, मग पेन्सिलीने इतकं खोडतो की कागदाला भोक पडतं, आणि त्या भोकाच्या बाजूला तिसऱ्यांदा बरोबर ‘ड’ काढतो. तो फोटो मी त्याच्या बाबांना एकट्याला पाठवला. त्यांनी तो बोईसरला कंपनीतल्या मित्रांना दाखवला म्हणे. तो त्यांचा हक्क. माझा नाही.

स्टेटसबद्दल थोडक्यात. कामाच्या नंबरवर मी स्टेटस ठेवतच नाही. जुन्यावर ठेवते, तेही निवडक लोकांना दिसेल असं करून. कारण गावपुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर येतो, ‘बाई तुम्ही पण लावा ना’ असा आग्रह होतो, आणि पुढच्या महिन्यात आचारसंहिता लागून तुम्ही मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून बसलेल्या असता. एका नंबरवर स्टेटसच नाही म्हटल्यावर ‘त्यांचं लावलं, आमचं नाही लावलं’ हा विषयच संपतो.

इथवर अ‍ॅपचं झालं. पण नंबर सांभाळला म्हणजे ओळख सांभाळली असं होत नाही. कुणी आपलं नाव गुगलवर टाकलं तर काय दिसतं? मी खासगी विंडोत मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे शोधून बघितलं. भरतीच्या याद्यांचे पीडीएफ, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेचा एक फोटो आणि फेसबुक. फेसबुकमध्ये ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ नावाची सेटिंग आहे, तिने आजवरच्या सगळ्या जाहीर पोस्ट एका दमात फक्त मित्रांपुरत्या होतात. एकेक पोस्ट पुसत बसण्यापेक्षा ती वापरा. ज्या पोस्टमध्ये दुसऱ्यांनी तुम्हाला टॅग केलंय त्या मात्र त्यांच्याकडेच राहतात, तिथे फोन करून सांगावं लागतं.

आणि कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमं कशी वापरावीत याबद्दलचा सरकारचा २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय एकदा तरी मुळातून वाचा, फॉरवर्ड झालेल्या चार ओळींवर जाऊ नका. तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, म्हणजे आपल्यालाही. सरकारच्या धोरणावर टीका नको हे सगळ्यांना माहीत झालं, पण रोजच्या कामात अडणारं कलम दुसरंच आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवायचं. वैयक्तिक खात्यावर प्रोफाइल फोटो सोडला तर पदनाम, लोगो, गणवेश, आणि शासकीय वाहन, इमारत अशी मालमत्ता फोटो, रील, व्हिडिओत वापरायची नाही. शाळेची इमारत यातच आली. म्हणजे शाळेच्या फाटकासमोर केलेलं, इन्स्टाग्रामवर जोरात चाललेलं एखादं रील आलं की नाही यात, तुम्हीच बघा. कामासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम वापरायला त्यात परवानगी आहे. योजनेच्या यशाबद्दल लिहायलाही आहे, फक्त त्यात स्वतःची आरती नको. जिल्हा परिषदेवाल्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेतच, ते मोबाइलच्या आधीचे असले तरी लागू आहेत.

याचं एक मला पटत नाही, तेही सांगून टाकते. आपल्याकडे चांगलं काम दिसलं ते शिक्षकांनी स्वतःहून दाखवलं म्हणून दिसलं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, ते पुस्तकात क्यूआर कोड टाकायची कल्पना एका छोट्या जिल्हा परिषद शाळेतून बाहेर पोचली म्हणून. आमची अर्धी डी.एड. पिढी तंत्रस्नेही शिक्षकांच्या ब्लॉगांवर पास झाली. वर सरकती पट्टी, कोपऱ्यात किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा, खाली शासन निर्णयांची यादी; दिसायला जत्रा, पण वेळेला जे लागेल ते तिथे सापडायचं. काम दाखवू नका असं कुणी म्हणत नाही, पण भीतीने नवी मुलं काहीच लिहीत नाहीत, हे मी माझ्याच बॅचमध्ये बघतेय.

माझा मार्ग असा की काम दाखवायचं, शाळा आणि मुलं नाही. त्यासाठी गुगल साइट्स हे वेबसाइट बनवायचं साधन घेतलं. तेही फुकट. कोड लिहावा लागत नाही, पानावर चौकोन ओढून सोडायचे. माझ्या पानावर माझं नाव, शिक्षण, मी बनवलेली वाचनपत्रकं, अंबाजोगाईकडच्या आणि इकडच्या बोलीतले शब्द घेऊन केलेली चित्रकार्डं, एवढंच. प्रकाशित करताना ‘सर्च इंजिनांनी दाखवू नये’ अशी विनंती करायची खूण असते, कच्चं काम चालू असेपर्यंत ती लावून ठेवता येते. डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) प्रशिक्षणात एका मॅडमनी ‘तुमचं काही काम आहे का पाठवायला’ विचारलं तेव्हा चाळीस फोटो पाठवण्याऐवजी एक दुवा पाठवला, तेव्हा त्याची किंमत कळली.

पण साइट्सला मी तीनच देईन. पत्ता लांबलचक मिळतो, फळ्यावर लिहून देण्यासारखा नाही. ब्लॉगरसारखं तारखेनुसार लिहीत जायची सोय नाही. आणि ड्राइव्हचा सापळा आहे: पानावर चिकटवलेल्या फाइलची परवानगी वेगळी असते. पान सगळ्यांना दिसतं, वाचनपत्रक उघडायला गेलं की ‘परवानगी मागा’. आपल्याला मात्र स्वतःच्या खात्यातून सगळं छान उघडतं, म्हणून कळत नाही. दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघितल्याशिवाय दुवा कुणाला देऊ नका. ब्लॉगर घेणाऱ्यांनी जाहिराती लावायच्या आधी विचार करा, उत्पन्न सुरू झालं की परवानगीचा प्रश्न येतो.

यूट्यूबवर मी फक्त हात आणि आवाज ठेवते. खडे मांडून दशक-एकक, काड्यांचे गठ्ठे. व्हिडिओ ‘मुलांसाठी बनवलेला’ असं निवडलं की त्याच्या खालच्या कमेंट बंद होतात. बरेच जण यावर नाराज असतात. मला तोच त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

मुलांचे चेहरे कुठेच नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती धरलेली आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. उद्या याचा शाळेच्या फोटोंवर काय आणि कसा अंमल होईल तो होईल. मी पालकसभेत एका पानाचं संमतीपत्र ठेवलं, मोठ्या अक्षरात, वाचून दाखवलं. दोघींनी नको म्हटलं. एकीचं कारण तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघींची मुलं फोटोत नसतात, तर बाकीच्यांची तरी कशाला?

वरून मागवलेल्या उपक्रमाच्या फोटोंचं काय, हा प्रश्न तुम्ही विचाराल. ते पाठवावेच लागतात. मी मागून काढते, मुलं फळ्याकडे बघताहेत असे. ‘मॅडम, चेहरे दिसत नाहीत’ असं अजून तरी कुणी परत पाठवलेलं नाही.

शेवटचं सुरक्षेचं, कारण कामाचा नंबर सगळीकडे पसरतो आणि भामट्यांनाही तोच मिळतो. अ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि ईमेलही जोडा, नाहीतर पिन विसरल्यावर बसाल. लग्नपत्रिका, चलन, योजनेची यादी अशा नावाने शेवटी ‘एपीके’ असलेली, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल आली की उघडायची नाही. ती ओळखीच्या गुरुजींच्या नंबरवरून आली तरी नाही, उलट तेव्हा तर नाहीच. त्यांचा फोन आधीच गेलेला असतो आणि तुमच्या नंबरवरून ती पुढे तालुक्याच्या ग्रुपवर जाते.

बदलीचा विचारही आत्ताच करून ठेवलाय. सिम माझ्या आधारवर आहे, ते काही शाळेच्या कपाटात ठेवून जाता येणार नाही. म्हणून कम्युनिटीत आमच्या मुख्याध्यापक गुरुजींना पहिल्या दिवसापासून अ‍ॅडमिन केलंय. ते अजून बिझनेस घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, “बाई, इतकी वर्षं माझा एकच नंबर, आता या वयात दुसरं दुकान कशाला?” रात्री साडेदहाला त्यांचा फोन वाजतो आणि ते उचलतातही. पाचपैकी चार हे माझ्यापुरते. गुरुजींना विचाराल तर शून्य.